हिरव्या दारापलीकडची नायिका
(इंग्लिश दूरचित्रवाणी-अभिनेत्री जीन मार्श यांच्या कारकिर्दीचा एक अभ्यास)

नाटकाच्या पुस्तकाचे पहिले पान उघडले, की पात्रांची यादी दिसते. नायक, नायिका, त्यांचे आप्तेष्ट, खलपुरुष असा क्रम लागतो आणि अगदी तळाशी, बहुधा नावावाचून, एक ओळ असते : ‘नोकर, दासी इत्यादी’. संस्कृत नाटकातली चेटी असो की आपल्या सामाजिक नाटकांत चहाचा ट्रे घेऊन येणारा गडी असो, यांचे काम निरोप सांगण्याचे आणि रंगमंचावरून निघून जाण्याचे. त्यांना घर असते का, झोपायला जागा कुठे मिळते, त्यांच्या मनात काय चालते, असे प्रश्न प्रेक्षकाला पडू नयेत अशीच नाटकाची रचना असते.

या तळाच्या ओळीतल्या एका दासीला वर आणून नायिका करण्याचे काम इंग्लंडमधल्या एका अभिनेत्रीने केले. तिचे नाव जीन मार्श. ती भूमिका तिने केवळ वठविली नाही, तर ज्या मालिकेत ती भूमिका होती त्या मालिकेची मूळ कल्पनाही तिची व तिच्या मैत्रिणीची होती. मिळेल त्या भूमिकेची वाट पाहत बसणे हेच ज्या व्यवसायात बहुतेकांच्या, विशेषतः स्त्रियांच्या, नशिबी येते, त्या व्यवसायात ही गोष्ट सामान्य नव्हे. म्हणूनच या कारकिर्दीचा थोडा बारकाईने विचार करावा, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. जडणघडण

जीन मार्श यांचा जन्म १ जुलै १९३४ रोजी लंडनच्या स्टोक न्यूइंग्टन भागात झाला. घर कष्टकऱ्यांचे होते. वडील छापखान्यात मदतनीस म्हणून व इतर मिळतील ती कामे करीत. आईने तरुणपणी मोलकरणीचे काम केले होते, आणि पुढे ती नाटकमंडळींची वेशभूषा सांभाळी. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्बवर्षाव झाला, तेव्हा जीन अवघ्या सहा-सात वर्षांची होती. त्या धसक्याने तिची प्रकृती ढासळली, आणि उपचार म्हणून तिला नृत्याच्या वर्गात घालण्यात आले. आजारातून बाहेर काढण्यासाठी धरलेली ही वाट पुढे पोटापाण्याची वाट झाली. इंग्लंडमध्ये वरच्या वर्गातल्या मुली हौस म्हणून नृत्य शिकत. या मुलीला ते औषध म्हणून मिळाले आणि पुढे त्यावरच पोट भरावे लागले, हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे.

नृत्यातून चित्रपटांतली लहानसहान कामे आणि तेथून रंगभूमी असा तिचा प्रवास झाला. १९५५ मध्ये अभिनेता जॉन पर्टवी यांच्याशी तिचा विवाह झाला, तो १९६० मध्ये संपुष्टात आला. १९५९ मध्ये सर जॉन गिलगुड यांनी न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर शेक्सपिअरचे ‘मच अॅडो अबाउट नथिंग’ हे सुखात्म नाटक सादर केले, त्यात जीन मार्शने हीरोची भूमिका केली. इंग्रजीच्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे, की हीरो ही त्या नाटकातली निरपराध, पण फारसे न बोलणारी मुलगी. बोलण्याचा सारा मान बिअॅट्रिसकडे जातो.

त्याच वर्षी अमेरिकेतील ‘द ट्वायलाइट झोन’ या गाजलेल्या मालिकेच्या ‘द लोन्ली’ या भागात तिने केलेली भूमिका आजही आठवली जाते. एका निर्जन लघुग्रहावर एकांतवासाची शिक्षा भोगणाऱ्या कैद्याला सोबत म्हणून एक यंत्र-स्त्री दिली जाते. तिचे नाव अॅलिशिया. कैदी प्रथम तिचा तिरस्कार करतो आणि पुढे तिच्यावर प्रेम करू लागतो. पण सुटकेच्या वेळी यानात तिच्यासाठी जागा नसते आणि तिच्यावर गोळी झाडली जाते. चेहरा फुटतो आणि आत तारा दिसतात. अॅलिशिया माणूस आहे की वस्तू, हा त्या कथेचा प्रश्न. दुसऱ्याच्या सोयीसाठी निर्माण केलेली स्त्री अशी ही भूमिका होती. बारा वर्षांनी मार्श जी भूमिका करणार होत्या तिच्याशी या प्रश्नाचे दूरचे नाते आहे, असे म्हटले तर वावगे ठरू नये.

२. दुय्यम भूमिकांची वर्षे

साठीच्या दशकात मार्श यांना काम मिळत राहिले, पण ते बहुधा दुय्यम होते. ‘क्लिओपात्रा’ (१९६३) या अवाढव्य चित्रपटात त्या ऑक्टेव्हिया झाल्या. बी.बी.सी.च्या ‘डॉक्टर हू’ या विज्ञानकथा-मालिकेत १९६५ मध्ये त्यांनी प्रथम सिंहहृदयी रिचर्ड राजाची बहीण जोआना रंगविली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस सुरू झालेल्या बारा भागांच्या कथानकात सारा किंग्डम ही सुरक्षा-अधिकारी. ही सारा वरिष्ठांची आज्ञा म्हणून एका माणसाला ठार मारते. तो तिचा सख्खा भाऊ असतो, आणि तो निर्दोष होता हे तिला मागाहून कळते. आज्ञापालनाची एवढी भीषण किंमत दाखविणारी पात्रे त्या काळच्या बालप्रेक्षकांच्या मालिकेत विरळाच. दुर्दैवाने त्या काळी बी.बी.सी. जुन्या ध्वनिचित्रफिती पुसून त्यांवर नवे कार्यक्रम उतरवीत असे, त्यामुळे या कथानकाचे अनेक भाग नाहीसे झाले.

१९७२ मध्ये हिचकॉक यांच्या ‘फ्रेन्झी’ या चित्रपटात विवाहजुळणी संस्थेतील कडक शिस्तीची, चष्मेवाली चिटणीस त्यांनी केली. प्रसंग मोजके, पण चेहरा लक्षात राहतो. मार्श यांच्या अभिनयाचे मर्म अशा भूमिकांत सापडते. त्या मोठ्याने रडत नाहीत, हातवारे करीत नाहीत. ओठ किंचित आवळणे आणि मान ताठ ठेवणे यांवर त्यांचे बरेचसे काम भागते. दूरचित्रवाणीचा लहान पडदा चेहऱ्याजवळ जातो, म्हणून तेथे असा संयमित अभिनय जास्त परिणाम करतो.

३. एका कल्पनेचा जन्म

आयलीन अॅटकिन्स ही अभिनेत्री मार्श यांची मैत्रीण. जन्मवर्ष तेच, १९३४. लंडनच तेच आणि घरची परिस्थितीही तशीच. तिच्या वडिलांनीही श्रीमंतांच्या घरी चाकरी केली होती. त्या सुमारास, १९६७ मध्ये, गॉल्सवर्दी यांच्या कादंबऱ्यांवर आधारलेली ‘द फोर्साइट सागा’ ही बी.बी.सी.ची सव्वीस भागांची मालिका अतिशय गाजली होती. सधन कुटुंबाच्या पिढ्या, त्यांची दिवाणखाने, त्यांचे मानापमान असा तिचा विस्तार. पण त्या दिवाणखान्यांतील शेगड्या पहाटे कोण पेटवीत होते? ते पांढरेशुभ्र कपडे कोण धूत आणि इस्त्री करीत होते? या दोघी मैत्रिणींना हे विचारावेसे वाटले, कारण ती कामे करणारी माणसे त्यांच्या घरची होती.

एका मोठ्या घरातल्या दोन मोलकरणींची विनोदी कथा, असे मूळ कल्पनेचे स्वरूप होते. शीर्षक होते ‘हिरव्या बनातीच्या दारामागे’ अशा अर्थाचे. इंग्लंडमधल्या श्रीमंत घरांत मालकांचा भाग व नोकरांचा भाग यांच्यामध्ये एक दार असे. त्यावर हिरवी जाड बनात ठोकलेली असे, म्हणजे स्वयंपाकघरातला आवाज व वास दिवाणखान्यापर्यंत पोचू नये. सबंध समाजरचना त्या एका दारात उभी होती.

लंडन वीकएंड टेलिव्हिजन या कंपनीने कल्पना स्वीकारली. जॉन हॉक्सवर्थ निर्माते झाले आणि आल्फ्रेड शॉनेसी संहिता-संपादक झाले. शॉनेसी स्वतः उच्चकुलीन वातावरणात वाढलेले, म्हणजे दाराच्या दुसऱ्या बाजूचे. विनोदी कथेचे गंभीर नाट्यात रूपांतर झाले, नोकरांइतकेच महत्त्व मालकांना मिळाले, आणि मालिकेचे नाव ठरले ‘अपस्टेअर्स, डाउनस्टेअर्स’. म्हणजे वरचा मजला आणि तळघर. या दोघी मैत्रिणींनी संहिता लिहिल्या नाहीत. ते काम फे वेल्डन, रोझमेरी अॅन सिसन, जेरेमी पॉल प्रभृतींनी केले. अॅटकिन्स यांना दुसऱ्या मोलकरणीची, साराची, भूमिका करायची होती. परंतु त्या वेळी त्या रंगभूमीवर एलिझाबेथ राणीच्या भूमिकेत गुंतल्या होत्या. एक मैत्रीण राणी झाली, दुसरी दासी. साराची भूमिका पॉलीन कॉलिन्स यांनी केली.

मालिका तयार होत असताना इंग्लंडच्या व्यापारी दूरचित्रवाणीवरील तंत्रज्ञांनी रंगीत चित्रीकरणाच्या कामावर बहिष्कार घातला होता. त्यामुळे आरंभीचे भाग कृष्णधवल चित्रित झाले. कंपनीलाही या मालिकेचा फारसा भरवसा नव्हता. रविवारी रात्री उशिराची वेळ तिच्या वाट्याला आली. १० ऑक्टोबर १९७१ रोजी पहिला भाग दाखविला गेला आणि २१ डिसेंबर १९७५ रोजी शेवटचा. पाच मालिका, एकूण अडुसष्ट भाग. १९७४ पासून अमेरिकेतही ती दिसू लागली आणि १९७५ मध्ये प्रमुख अभिनेत्रीसाठीचा एमी पुरस्कार मार्श यांना मिळाला. तळाच्या ओळीतली दासी ‘प्रमुख’ ठरली.

४. रोझ बक

मार्श यांनी साकारलेल्या मोलकरणीचे नाव रोझ बक. लंडनच्या बेलग्रेव्हिया भागातील १६५, ईटन प्लेस हे बेलामी कुटुंबाचे घर. काळ १९०३ पासून १९३० पर्यंतचा. त्या काळी इंग्लंडमध्ये नोकरी करणाऱ्या स्त्रियांतील सर्वांत मोठा वर्ग घरकाम करणाऱ्यांचा होता. तळघरातही वर्णव्यवस्था होतीच. बटलर हडसन सर्वांच्या वर, मग स्वयंपाकीण मिसेस ब्रिजेस, मग रोझसारख्या वरकाम करणाऱ्या मोलकरणी, फूटमन आणि सर्वांत खाली भांडी घासणारी पोरगी.

पहिल्याच भागात एक अर्थपूर्ण प्रसंग आहे. एक मुलगी नोकरी मागायला समोरच्या दाराशी येते. तिला खालच्या दाराने यायला सांगण्यात येते. ती आपले नाव क्लेमन्स सांगते. घरची मालकीण लेडी मार्जरी म्हणते, की हे काही मोलकरणीला शोभणारे नाव नव्हे. आजपासून तू सारा. माणसाचे नावच काढून घेण्याचा हा अधिकार किती सहजपणे वापरला जातो! आवाज चढत नाही, कोणी क्रूर होत नाही. लेडी मार्जरी दुष्ट बाई नाही, आणि म्हणूनच तो प्रसंग अधिक बोचतो.

सारा बंडखोर आहे, स्वप्नाळू आहे, ती हे घर सोडून जाते आणि परत येते. रोझ मात्र तेथेच राहते. तिचा जन्मच लेडी मार्जरीच्या माहेरच्या जहागिरीवरचा. चाकरी तिच्या रक्तात भिनलेली. साराच्या कल्पनांना ती हसते, तिला दटावते आणि मनातून तिचा हेवाही करते. मार्श यांनी रोझला गरीब गाय केले नाही, हे त्यांच्या अभिनयाचे यश होय. ही रोझ टोचून बोलते, शिस्तीच्या बाबतीत कडक आहे, क्वचित खाष्टही होते. मोलकरीण म्हणजे दयेला पात्र अशी सोपी समजूत तिने मोडून काढली.

तिच्या वाट्याचे सुखही थोडक्यात आटोपते. ग्रेगरी विल्मट हा ऑस्ट्रेलियातला माणूस तिला मागणी घालतो. पहिल्या वेळी घर सोडून परदेशी जाण्याचा धीर तिला होत नाही. पुढे महायुद्धाच्या काळात तो सैनिक म्हणून पुन्हा भेटतो, लग्न ठरते आणि तो रणांगणावर मारला जातो. त्याच युद्धात रोझ काही काळ बसवर कंडक्टर होते. पुरुष लढायला गेले म्हणून स्त्रियांना उघडलेली ही दारे होती, आणि युद्ध संपताच त्यांतली बरीचशी पुन्हा बंद झाली. रोझही परत तळघरात येते.

ग्रेगरीने मृत्युपत्रात तिच्यासाठी काही रक्कम ठेवलेली असते. तिच्या आयुष्यातली स्वतःची अशी ती एकमेव पुंजी. घरचा मुलगा जेम्स ती रक्कम गुंतवून देतो, आणि १९२९ च्या अमेरिकन शेअरबाजाराच्या कोसळण्यात ती बुडते. जेम्स आत्महत्या करतो. सारे घर त्याचा शोक करते, रोझसुद्धा. तिची पुंजी मात्र तिला कोणीच परत देऊ शकत नाही. मालक बुडाला की नोकरही बुडतो; फरक एवढाच, की मालकाचे बुडणे शोकांतिका ठरते आणि नोकराचे हिशेबातली एक नोंद. या मालिकेत ती नोंदही नाट्य झाली, हे तिचे वेगळेपण.

शेवटच्या भागात घर विकले जाते. रोझ एकटीच रिकाम्या खोल्यांतून फिरते आणि गेलेल्या माणसांचे आवाज तिच्या कानी येतात. सत्तावीस वर्षांच्या कथेचा निरोप घेण्याचा मान मालकांना नव्हे, तिला मिळाला.

५. एक आक्षेप

या मालिकेवर एक आक्षेप घेतला जातो आणि तो टाळून चालणार नाही. नोकर-मालक संबंधांना तिने हवाहवासा रंग दिला. जुन्या काळाविषयी हळवेपणा निर्माण केला. निष्ठावंत नोकर हा आदर्श म्हणून उभा केला, असा तो आक्षेप. यात तथ्य नाही असे नाही. अडुसष्ट भाग एका घरात वावरल्यावर प्रेक्षक त्या घराच्या प्रेमात पडतो. हडसनची मालकनिष्ठा आपल्याला हास्यास्पद वाटण्याऐवजी उदात्त वाटू लागते. मूळ कल्पनेत नोकर केंद्रस्थानी होते. प्रत्यक्षात मालकांनी निम्मी, किंबहुना काही वेळा निम्म्याहून अधिक, जागा घेतली. दारामागची कथा सांगायला निघालेल्यांनाही दिवाणखान्याचा मोह आवरला नाही.

तथापि रोझच्या भूमिकेकडे पाहिले, तर हा आक्षेप पुरता लागू पडत नाही असे माझे मत आहे. रोझ निष्ठावंत आहे, पण त्या निष्ठेने तिचे काय झाले हेही मालिका लपवीत नाही. नवरा नाही, घर नाही, पुंजी नाही. तिच्या निष्ठेचा हिशेब प्रेक्षकासमोर आहे. त्यावर मार्श कुठेही अश्रू ढाळून कौल मागत नाहीत. बेरीज करण्याचे काम त्या आपल्यावर सोपवितात. हळवेपणा मालिकेत आहे, पण रोझच्या ताठ मानेत तो नाही.

६. रोझनंतर

एका भूमिकेने नाव मिळाले, की ती भूमिका गळ्यात पडते. मार्श यांनी मात्र पुढे मुद्दाम विरुद्ध दिशेच्या भूमिका केल्या असे दिसते. ‘द ईगल हॅज लँडेड’ (१९७६) या चित्रपटात इंग्लंडच्या खेड्यात राहणारी, जर्मनांना फितूर झालेली बाई. अमेरिकेत ‘नाइन टु फाइव्ह’ या विनोदी मालिकेत (१९८२-८३) कार्यालयातली करडी रॉझ कीथ. ‘रिटर्न टु ओझ’ (१९८५) मध्ये मस्तके बदलणारी मॉम्बी. ‘विलो’ (१९८८) मध्ये दुष्ट राणी बाव्हमॉर्डा. १९८९ मध्ये ‘डॉक्टर हू’मध्ये त्या पुन्हा आल्या, त्या मॉर्गेन या मायाविनी राणीच्या रूपात. दासी म्हणून गाजलेल्या स्त्रीने नंतरच्या काळात इतक्या राण्या कराव्यात, यात गंमत आहे. पण त्या राण्यांपेक्षा दासीच लोकांच्या ध्यानात अधिक राहिली.

कल्पक म्हणूनही त्या थांबल्या नाहीत. अॅटकिन्स यांच्याबरोबर त्यांनी ‘द हाउस ऑफ एलियट’ ही दुसरी मालिका निर्माण केली, बी.बी.सी.वर ती १९९१ ते १९९४ या काळात चालली. वडिलांच्या मृत्यूनंतर निराधार झालेल्या दोन बहिणी विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात लंडनमध्ये कपड्यांचा व्यवसाय उभारतात, अशी तिची कथा. पुन्हा दोन स्त्रिया आणि पुन्हा काम. स्त्रीचे काम हा कथेचा विषय होऊ शकतो, ही त्यांची धारणा वीस वर्षांनीही बदलली नव्हती. मार्श यांनी काही कादंबऱ्याही लिहिल्या.

२०१० मध्ये बी.बी.सी.ने ‘अपस्टेअर्स, डाउनस्टेअर्स’ पुन्हा सुरू केली. काळ १९३६ चा. रोझ आता नोकर पुरविणारी संस्था चालविते आणि पुढे त्याच घरात गृहव्यवस्थापिका होऊन येते. जुन्या संचातील एकट्या मार्श परत आल्या. अॅटकिन्स यांना या खेपेस मालिकेत भूमिका मिळाली, तीही वरच्या मजल्यावरची : हिंदुस्थानातून परतलेल्या वृद्ध लेडी मॉडची. ब्रिटिश साम्राज्याचे हे दूरचे टोकही अशा रीतीने १६५, ईटन प्लेसला येऊन पोचले. पण २०११ मध्ये मार्श यांना पक्षाघात व हृदयविकाराचा झटका आला, आणि दुसऱ्या मालिकेत त्यांचे दर्शन नावापुरतेच घडले. २०१२ मध्ये मालिका बंद झाली. त्याच वर्षी नाट्यसेवेबद्दल त्यांना ओ.बी.ई. हा किताब मिळाला. १३ एप्रिल २०२५ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.

समारोप

जीन मार्श यांच्याहून श्रेष्ठ अभिनेत्री इंग्लंडमध्ये झाल्या, हे मान्य केले पाहिजे. आयलीन अॅटकिन्स यांचेच नाव रंगभूमीच्या संदर्भात अगोदर घ्यावे लागेल. परंतु मार्श यांच्या कारकिर्दीतून साहित्याच्या विद्यार्थ्याने घ्यावा असा एक धडा आहे. कथा कोणाची सांगायची हा निर्णय कथा कशी सांगायची याच्या आधीचा असतो, आणि बहुधा तो कोणी जाणूनबुजून घेतलेलाच नसतो. परंपरेने तो आपल्यासाठी घेऊन ठेवलेला असतो. मार्श आणि अॅटकिन्स यांनी एवढेच केले, की गाजलेली मालिका पाहताना आपल्या आईवडिलांना त्यात शोधले, आणि ते सापडले नाहीत तेव्हा गप्प बसल्या नाहीत.

आपणही पुढच्या वेळी नाटकाचे किंवा कादंबरीचे पुस्तक उघडाल, तेव्हा पात्रांच्या यादीतील तळाची ओळ जरा थांबून वाचा. तेथे कोणाचे नाव लिहायचे राहून गेले आहे, हे पाहण्यापासूनही अभ्यासाला सुरुवात होऊ शकते.